बहुमताने मंजूर झालेली वाट

माझ्या आत्यावर, म्हणजे सुभद्राबाईवर, चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात, दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, डोंगरावर, भर पावसात उघडउघड अन्याय झाला. अन्याय करणाऱ्याचं नाव मी लपवणार नाही. तो मीच!

प्रकरण असं. माझी धाकटी बहीण विमल हिला अकोल्याला नर्सच्या ट्रेनिंगची जागा मिळाली होती. शिकायला गावाबाहेर निघालेली आमच्या घरातली ही पहिली मुलगी. सोमवारी सकाळी दाखल्यांसह हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला! आणि शनिवारी नाल्याला पूर आला, एस.टी. बंद. आता एकच उपाय: डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं आणि जऊळक्याला दुपारची पॅसेंजर गाठायची.

दुसऱ्या कुणी बहिणीला मुकाट्याने नेऊन गाडीत बसवलं असतं. पण मी तरुण मंडळाचा सरचिटणीस होतो (मंडळात माणसं तीन, तिघेही पदाधिकारी). मी ताबडतोब या चालण्याला 'स्त्री-शिक्षण पदयात्रा' असं नाव दिलं. शिवाय शुक्रवारीच वाशीमहून 'जागे व्हा!' या मथळ्याची पाचशे पत्रकं छापून आणली होती. पन्नास तिथेच लोकांच्या हातात कोंबली. उरलेली साडेचारशे, शाई अजून बोटाला लागत होती, मी विमलच्या पत्र्याच्या संदुकीत ठेवली. तिच्या चार नव्या पांढऱ्याशुभ्र पातळांवर!

"भाऊ, माह्या पातळाइवर नको ठेऊ न!"

"विमल, विचार आधी, वस्त्र मग!"

आत्या शेजारीच उभी होती. ती संदुकीवर एकदा वाकली. (हे वाकणं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

माय घरी थांबली. निघालो आम्ही सहा जण: मी, विमल, आत्या, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेले बा, मंडळाचा अध्यक्ष बबन, आणि डोक्यावर संदूक घेतलेला उपाध्यक्ष दिनकर. मी घोषणा द्यायचो आणि बबन घसरायचा. तिसऱ्या घोषणेनंतर तो मला म्हणाला, "सुधाकर, तू चूप राह्य. तू वरडला का मी हात वर करतो, अन् हात वर केला का पडतो."

अर्ध्या डोंगरावर धुकं उतरलं आणि वाटेला दोन फाटे फुटले.

"डावीकडं," आत्या म्हणाली.

आत्या बांची मोठी बहीण. तीस वर्षं ती सीताफळांची पाटी डोक्यावर घेऊन याच डोंगरावरून जऊळक्याच्या बाजाराला जात होती. कुणालाही तेवढं पुरलं असतं. मला पुरलं नाही!

"एका व्यक्तीच्या हुकमावर समूह चालत नसतो," मी म्हणालो. "सभा घेऊ."

"इथी? पान्यात?" बा म्हणाले.

"अन्यायाला ऋतू नसतो, बा!"

"पण गाडीले टाइम असते न!" विमल रडकुंडीला आली होती.

सभा सुरू झाली. डावी वाट वीतभर, गवतात बुडालेली. उजवी चांगली रुंद, शेकडो पायांनी तुडवलेली. मी उजव्या वाटेचा ठराव मांडला. "मित्रहो, ही पाहा बहुजनांची वाट!"

"अरे येड्या, थे ढोराइची वाट हाय!"

"जनतेला ढोरं म्हणू नका, आत्या! शब्द मागे घ्या!"

बबनने अनुमोदन दिलं. हात वर झाले (बबन पुन्हा पडला). ठरावाच्या बाजूने मंडळाची तीन मतं, विरोधात आत्या आणि विमल.

"बा, तुम्ही?"

"मी तटस्थ. एकीकडं बहीन, एकीकडं पोरगा. मले दोघाइसंगंबी जेवाचं हाय."

ठराव मंजूर! छत्रीखाली मी इतिवृत्त लिहायला घेतलं. 'सूचक' संपवून 'अनुमोदक'पाशी आलो, मान वर केली, तर आत्या नाही आणि विमलही नाही!

"हा सभात्याग आहे!" मी धुक्यात ओरडलो.

डावीकडून, बऱ्याच खालून उत्तर आलं, "हाव बापा, हाव!"

आम्ही ठरावाला बांधील होतो. उजवीकडे निघालो. बा मात्र तटस्थच राहिले, फाट्यावरच्या हिवराच्या झाडाखाली.

दोन तासांनी वाट उतरू लागली. धूर दिसला. "स्टेशन आलं!" बबन ओरडला. मग एक गोठा दिसला, तो ओळखीचा वाटला. गोठ्यातली गाय तर फारच ओळखीची वाटली. आणि दारात खराटा घेतलेली माझी माय!

"काहून रे?" ती म्हणाली. "स्टेशन इकडंच आलं का?"

आमच्या गावची ढोरं त्याच वाटेने डोंगरावर चरायला जात आणि त्याच वाटेने घरी येत. त्यांनी कधी सभा घेतली नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं. संदूक आमच्याकडे. दाखले संदुकीत. विमल स्टेशनवर. गाडीची वेळ टळून गेलेली! शहाणा माणूस अशा वेळी स्टेशनकडे धावला असता. मीही धावलो, पण गावच्या बुद्धविहारातल्या सूचना-फळ्याकडे. जागा गेली तर ती कुणामुळे गेली, हे आधी ठरायला नको? मी खडूने लिहिलं: 'सभात्याग करणाऱ्या सुभद्राबाईचा जाहीर निषेध.'

दिवस मावळायच्या आत आत्या आली, चिंब भिजलेली. मागून बा. येताना हिवराखालून उचलून आणले होते. फळ्यापुढे ती थांबली.

"काय लिवलं?"

"काही नाही, आत्या..."

"मले वाचता येत नाई. तू वाच. मोठ्यानं वाच."

वाचलं. असा निषेध कुणाला वाचायला लागू नये!

"झालं? गेली पोट्टी गाडीनं. दाखले म्या सकायीच काढून कमरेले बांधले होते. तुह्या विचाराइखाली ठिवतो का मी!"

नंतर संदूक उघडली. पाणी आत शिरलं होतं. चारही पातळांवर माझी पत्रकं उमटली होती, उलटी! दुसऱ्या दिवशी नाला उतरला आणि मी तीच पातळं अकोल्याला पोचवली. विमलने घासघासून धुतली, पण अक्षरं जाईनात. वॉर्डातले पेशंट विचारायचे, "सिस्टर, तुमच्या पाठीवर हे काय लिवलं?" झोपेची गोळी देणारी बाई, आणि पाठीवर 'जागे व्हा!'

आज विमल पक्की नर्स आहे. आत्याने मला माफ केलेलं नाही, आणि बरोबरच केलं. म्हणून वाचकहो, ही विनंती नाही, मागणी आहे. त्या शुक्रवारी वाशीमला ज्यांच्या हातात मी ती पन्नास पत्रकं कोंबली, त्यांनी ती ताबडतोब आत्याच्या घरी आणून द्यावीत. उरलेली साडेचारशे तिने वाळवून वाळवून तीन पावसाळे चुलीला लावून पाहिली. देश पेटवायला निघालेलं माझं एकही पत्रक अजून पेटलेलं नाही. कोरडी प्रत आणा!