मी न वाचलेली ओळ

आमच्या मेंढपाळ घरात कागद मी वाचतो. मी घाटनांदूरला मास्तर, थोरला भाऊ मेंढरांमागे. सातबारा असो की बँकेचं पत्र, मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं सही ठोकायची, ही आमची रीत. त्याच रीतीचा मी गैरफायदा घेतला.

भावाचं हृदय कमजोर झालं. दहा पावलांत दम लागायचा. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या कायमच्या, मीठ कमी, रानातली धावपळ बंद. मला ते पुरेना. मोबाईलवर एका खासगी दवाखान्याची जाहिरात पाहिली: कमरेच्या हाडातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी काढायच्या, हृदयात सोडायच्या, की हृदय नव्यासारखं. मी त्याला तिकडं नेलं. तिथला डॉक्टर हसून म्हणाला, "शिकलेल्या माणसाला फार समजवावं लागत नाही." मी फुगलो. आजही ते हसू आठवलं की तोंडात शिवी येते. आधी त्याच्यासाठी, मग माझ्यासाठी.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: उपचार प्रायोगिक आहे, गुण येईलच असं नाही, जिवाला धोका होऊ शकतो. मी वाचलं. भावाला म्हणालो, "काही नाही दादा, नेहमीचंच." तो नको म्हणेल याची मला भीती होती. त्यानं सही केली.

कंबर महिनाभर ठणकली. दम तसाच राहिला. तरी हा लोकांना सांगायचा, बरं वाटतंय. माझ्यासाठी खोटं बोलायचा.

गेल्या महिन्यात चकलांब्याचे एक पाहुणे त्या दवाखान्याच्या चौकशीला आले. त्यांच्या बायकोला तोच आजार. भाऊ म्हणाला, "जा की बिनघोर. आमच्या मास्तरनं कागद वाचलाय."

मला गप्प बसवेना. माझ्याकडची प्रत काढली आणि अख्खी मराठीत वाचून दाखवली.

भावानं विचारलं, "हे तवा बी लिवलेलं व्हतं?"

"होतं."

"मग कावून न्हाई वाचलं?"

"तू नको म्हणाला असतास."

"मेंढीला सुई टोचताना आमी तिला इचारत न्हाई. मला बी तसंच धरलंस व्हय बे?"

पाहुणे बायकोला बीडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. भाऊ माझ्याशी बोलतो, जेवायलाही बोलावतो. पण गोळ्यांची चिठ्ठी आता तो मेडिकलवाल्याकडून वाचून घेतो, मी शेजारी उभा असताना.