बेड नंबर चारला नाव होतं

औषध द्यायच्या आधी पेशंटला त्याचं नाव विचारायचं. एवढंच. त्याला मशीन लागत नाही, वरून मंजुरी लागत नाही. तोंड उघडावं लागतं. आणि आमच्या वॉर्डात नेमकं तेवढंच कुणी करत नव्हतं.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. वर्गात मॅडम आमच्याकडून पाच ‘राइट’ घोकून घ्यायच्या: राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस, राइट रूट, राइट टाइम. तोंडी परीक्षेत जीभ अडखळली की मार्क गेले. मग आम्हाला मीरा रोडच्या एका लहान खासगी हॉस्पिटलात पाठवलं. खाली मोबाइलची दुकानं, वर वॉर्ड. पहिल्याच सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “ते पुस्तकातलं घरी ठेवून यायचं. इथे काम असतं.”

त्यांचं काम असं चालायचं. सकाळी आल्या आल्या त्या सगळी इंजेक्शनं एकदम भरून ठेवायच्या. स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने सिरिंजा, प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा, तुकड्यावर बेडचा नंबर. औषधाचं नाव नाही, माणसाचंही नाही. आम्ही ट्रे उचलायचा आणि टोचत सुटायचं. वर्गात शिकवलं होतं की जिने औषध भरलं तिनेच ते द्यायचं. दुसरीने भरलेल्या सिरिंजमध्ये काय आहे ते नुसतं बघून कळत नाही, बहुतेक औषधं पाण्यासारखीच दिसतात. मी हे बोलून दाखवलं आणि वर एका पेशंटला नावही विचारलं.

“ही काय जनगणनेला आलीय का?” सिस्टर वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “चल गं बाई, हात चालव!”

सगळ्या हसल्या. माझी मैत्रीणही हसली. तिचा मला राग आला नाही, कारण हसली नसती तर पुढचा टोमणा तिला होता. तिचे आईवडील रत्नागिरीहून आलेले, वडील घोडबंदरला गोदामात कामाला. शेजाऱ्यांना ते आत्तापासून सांगायचे, “आमची पोरगी सिस्टर आहे.” तिने एकदा मला सांगितलं होतं, “मला भांडण नको. मला फक्त सिस्टर व्हायचंय.”

त्या दिवशी ट्रे भरून तयार होता. तेवढ्यात चार नंबरचे काका उठून बसले. शुगरचे पेशंट, दुकानदार माणूस, फोन कानाला चिकटलेला. “सिस्टर, इधर चार्जिंग नहीं होता. तीन नंबर के पास प्लग है.”

तीन नंबरवर तारोडी गावची एक म्हातारी मावशी होती, गळ्यात क्रूस, सोनोग्राफीसाठी सकाळपासून उपाशी. तिला चारची खिडकी आवडली, वारा येत होता. “हां हां, कर लो,” इन्चार्ज सिस्टर स्वतः म्हणाल्या. काका उशी बगलेत मारून तीनवर गेले, मावशी चारवर आली. ट्रेमधल्या पट्ट्यांवरचे नंबर मात्र तेच राहिले.

मैत्रिणीने ट्रे उचलला. तीनला त्या सकाळी इंजेक्शन नव्हतंच. चार नंबरची सिरिंज चार नंबरला टोचली. तिला सांगितलं होतं तस्संच. सिरिंजमध्ये इन्सुलिन होतं.

इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. काकांना ते नाश्त्याआधीचं होतं. मावशीला शुगर नव्हती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. थोड्या वेळाने मी तिच्या पलंगाशी गेले तर कपाळ घामाने निथळत होतं, हात थरथरत होते.

“बाय गो, कायतरी व्हतंय मना.”

“उपाशी आहे ना, भूक लागली असेल,” सिस्टर लांबूनच म्हणाल्या.

मी शुगरचं मशीन आणून तिच्या बोटातून थेंब घेतला. साखर पार खाली गेली होती. गिळता येत होतं म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि डॉक्टरांना ओरडून बोलावलं. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. दुपारपर्यंत तिच्यावर नजर ठेवली. वाचली.

आणि मग सगळ्यांना अचानक पुस्तक आठवलं! ऑफिसात मालक डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर आणि आमच्या कॉलेजच्या मॅडम बसल्या. आम्हा दोघींना आत बोलावलं तेव्हा निकाल आधीच लागलेला: विद्यार्थिनीने पेशंटची ओळख पटवून घेतली नाही.

“ओळख पटवायला गेलं की जनगणना म्हणतात,” मी म्हणाले. “सिरिंजा भरल्या कुणी? बेड बदलायला हो कुणी म्हटलं?”

“तुला विचारलंय का?” मॅडम म्हणाल्या. पाच राइट घोकून घेणाऱ्या त्याच मॅडम. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

मैत्रिणीला सांगण्यात आलं: ‘चूक फक्त माझी’ असा माफीनामा लिही, नाहीतर कॉलेज सोड. मी तिला म्हटलं, नको लिहूस, आपण सगळ्या मिळून उभ्या राहू. ती म्हणाली, “उभी राहून तू घरी जाशील. मी बाबांना काय सांगू?” ती लिहीत होती आणि सिस्टर मजकूर सांगत होत्या. ‘सूचनांचे पालन न केल्यामुळे.’ अहो, सूचनांचं पालन केलं म्हणूनच तर झालं!

मावशीला सगळ्यांनी सांगितलं होतं की अशक्तपणामुळे चक्कर आली. मी जाऊन खरं सांगितलं, कारण शरीर तिचं होतं. ती म्हणाली, “मना नाव हाय ना गो? मंग इचारला का न्हाय?”

तेव्हा मी तिला तिचं नाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे पुन्हा भरलेला. तशाच पट्ट्या, तसेच नंबर. कुठल्याच माफीने त्यात काडीचा बदल केला नव्हता. मैत्रिणीने ट्रे उचलला आणि ती पहिल्या पलंगापाशी थांबली. तेवढ्यात खिडकीजवळून मावशी मोठ्याने बोलली: स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव तारोडी, आणि “मना साखर न्हाय!” तीन नंबरचे काका हसले आणि त्यांनीही हात वर करून आपलं नाव सांगितलं. पलीकडच्या बाईने सांगितलं. मैत्रिणीने ट्रे इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाली, “सिस्टर, ह्यात काय काय आहे ते सांगा. मग देते.”

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. पण अख्खा वॉर्ड बघत होता. त्यांनी एकेक सिरिंज उचलून सांगितली.

मी खूश झाले असं लोकांना वाटतं. मी नाही झाले. ग्लुकोजची सुई हाताला लावलेल्या म्हातारीने वॉर्डाला नावं सांगायला शिकवायचं, आणि ज्यांचं ते काम होतं त्यांनी एका मुलीकडून माफी लिहून घ्यायची? तो माफीनामा तिच्या फाइलला अजून आहे. तो आधी बाहेर काढा. मग आम्हाला पाच राइट शिकवा.