दोन गाण्यांच्या मधलं

दत्तप्रसादकाका तसे कायद्याला घाबरणारे. पिवळा सिग्नल लांबून दिसला तरी पाय ब्रेकवर. अशा माणसाने त्र्याण्णव साली हॅरिस पार्क या उपनगरातल्या भाड्याच्या फ्लॅटमधून, बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला एरियल बांधून बिनपरवाना रेडिओ चालवला, हे सांगून कोणाला पटत नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी, हाताला सोल्डरिंगची सवय आणि खायला उठणारे रविवार. आवाज पोचायचा जेमतेम पॅरामटा स्टेशनपर्यंत. तेवढ्या टापूत मराठी घरं सात होती. तीन महिन्यांनी सरकारी पत्र आलं. काकांनी त्याच दिवशी सगळं उतरवलं आणि रीतसर माफीनामा लिहिला. त्यातलं इंग्रजी शोभाकाकूंनी तपासून दिलं.

पुढच्या वर्षी एका कम्युनिटी रेडिओ स्टेशनने त्यांना रविवारी दुपारी तीन ते चार असा रीतसर तास दिला, आणि तो अठरा वर्षं चालला. मी त्यात दोन हजार सातला आलो. पुण्याहून युनीत शिकायला आलेलो, आठवड्याला वीस तासांची नोकरी, उरलेला वेळ भूक. काकांना बटणांच्या पॅनेलवर बसायला कोणीतरी हवं होतं आणि मला काकूंच्या हातचा वरणभात हवा होता. दोघांचंही जमलं.

काकांचं निवेदन म्हणजे गायक, संगीतकार, राग, साल. गळ्यात स्टॉपवॉच. शेवटची दहा मिनिटं काकूंची, त्या भागाचं नाव ‘निरोप’. पुण्यामुंबईहून येणाऱ्यांच्या बॅगेतून लोकांच्या वस्तू यायच्या, त्या कोणाच्या आणि कुठून न्यायच्या हे काकू हवेवर सांगायच्या. ‘मधूताई, तुमच्या कुकरच्या रिंगा लताकडे आल्यात. बुधवारच्या आत न्या, ती गुरुवारी मेलबर्नला चाललीय.’ आमसुलं संपली तर आमटीत काय घालायचं, कोणाच्या बाळाचं बारसं, कोणाला पेपर तपासायला मराठी येणारी शिक्षिका हवीय, सगळं त्यातच. मध्येच हसायच्या. हसता हसता विषय विसरायच्या. मी बाहेर काचेपलीकडे घड्याळाकडे बघत बसायचो.

दोन हजार बाराला तास बंद झाला. काका प्रत्येक कार्यक्रम कॅसेटवर घेऊन ठेवत, त्यावर तारीख घालत. त्या तीन सुटकेसी भरून कॅसेटी त्यांनी माझ्या हवाली केल्या. मी तोवर आयटीत लागलो होतो, म्हणजे त्यांच्या लेखी सर्वज्ञ. ‘यतिन, हे सगळं कॉम्प्युटरवर उतरव. तुझ्यावर सोडतो.’

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा मी. आपल्या लोकांना कार्यक्रम म्हणजे गाणी वाटतात. बोलणं म्हणजे दोन गाण्यांमधली अडचण. मलाही तसंच वाटलं. गाणं सुरू झालं की मी रेकॉर्ड दाबायचो, संपलं की थांबवायचो, आणि बोलणं दोन बोटांनी पुढे पळवायचो. परत आलेली गाणी तर सरळ वगळली. चार महिन्यांत काम फत्ते. मग स्कोफिल्ड्सला नव्या घरात जाताना कौन्सिल मोठं भंगार उचलून नेते त्या क्लीन-अपच्या दिवशी तिन्ही सुटकेसी रस्त्याच्या कडेला, एका मोडक्या गादीशेजारी ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक आला नि घेऊन गेला. काकांना हार्ड डिस्क दिली नि म्हणालो, ‘सगळं सेफ आहे, काका.’

त्यातलं एकेक गाणं आज फोनवर दोन सेकंदांत मिळतं. एकही दुर्मीळ नव्हतं.

मागच्या जुलैत काकू गेल्या. त्यानंतर काका आपल्या मुलीकडे, चिन्मयीकडे राहायला आले. आमच्या घरापासून चार गल्ल्या. मी मात्र वूलवर्थ्सला किराणा आणायला जाताना लांबचा रस्ता घेऊ लागलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शेवटी गेल्या आठवड्यात चिन्मयीचा फोन आला.

‘यतिन, बाबांना आईचा आवाज ऐकायचाय. ती हार्ड डिस्क माझ्याकडून ओपनच होत नाहीये. तुझ्याकडे कॉपी असेल ना? सॅटरडे आर्व्होला येतोस? दुपारचा?’

‘हो, नो वरीज,’ मी म्हणालो. जिभेला हाड नसतं.

तीन दिवस ऑफिसातून आल्यावर मी सगळ्या फाइल्स काढून बसलो. दोन हजारांवर गाणी. प्रत्येकाचा आरंभ आणि शेवट कानाला लावून ऐकला. काही ठिकाणी माझं बोट उशिरा पडलं होतं. तिथे काकांचं ‘...ऐकूया’ सापडलं, ‘...राग भीमपलास’ सापडलं. काकूंचं बहुतेक हसूच, तेही अर्धं. मला स्वतःचा इतका राग आला की उठून भांडी घासली. मग शुक्रवारी एक फाइल मिळाली. त्या दिवशी मी बहुधा रेकॉर्ड चालूच ठेवून चहा करायला गेलो होतो. गाण्याआधी सतरा सेकंदांचं बोलणं होतं. काकू सलग बोलत होत्या.

‘...आणि जाता जाता एक सांगते हं. काल आमच्याकडे एक गंमत झाली. यांना अजून पत्ता नाही, आत्ता इथेच कळेल...’

आणि लगेच काकांचा आवाज. ‘शोभा, पुरे. वेळ संपली. यतिन, गाणं लाव.’

आणि गाणं लागलं. म्हणजे मीच लावलं.

मी ती फाइल ‘कळेल’वर कापली. अकरा सेकंद, स्वच्छ. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्याच तोंडचं ‘पुरे’ कशाला ऐकवायचं? मग लक्षात आलं, की हेच तर मी आधी दोन हजार वेळा केलं होतं. काय ऐकण्याजोगं ते मीच ठरवायचं. मी अख्खी फाइल घेऊन गेलो.

शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. चिन्मयीने स्पीकर मांडला होता. मी आधी बोललो. कॅसेटी, दोन बोटं, कौन्सिलचा ट्रक, सगळं. बारा वर्षं खोटं बोललो हेही. चिन्मयी माझ्याकडे बघतच राहिली. ‘आर यू सीरियस? सगळ्या? मला विचारायचं तरी!’

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘किती आहे?’ एवढंच विचारलं.

‘सतरा सेकंद.’

‘लाव.’

काकू बोलल्या. काकांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते ‘गंमत’ या शब्दापर्यंत फुलत गेलं. मग त्यांचा स्वतःचा आवाज आला. ‘पुरे.’ त्यांनी डोळे मिटून घेतले. गाणं सुरू झालं तसा हात वर केला. ‘गाणं नको.’

मी बंद केलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला हलकं वाटलं. चूक एकट्याची राहिली नव्हती. आणि तसं वाटल्याची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

‘कसली गंमत?’ काकांनी विचारलं. ‘मला तर कधी बोलली नाही ती. की बोलली?’

चिन्मयीने नकारार्थी मान हलवली.

‘गाणं लागलं की माइक बंद व्हायचा,’ काका म्हणाले. ‘मी पुढचा कागद बघत असायचो. ती बाहेर यायची, तुझ्याजवळ. राहिलेलं तुला सांगायची ती.’

सांगायच्या. नेहमी सांगायच्या. पाणी पीत, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. आणि मी कानावरचा हेडफोनसुद्धा न काढता ‘हो ना, काकू’ म्हणायचो.

‘तेव्हा तुला ठाऊक असणार,’ काका म्हणाले.

‘आठवत नाही, काका.’

‘आठवेल. बस जरा.’ त्यांनी चिन्मयीला चहा टाकायला सांगितला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जातो. ते काही विचारत नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसतात.