सुभेदारणीचं पदक

कचेरीत शिरलं की माणूस आवाज खाली घेतो. खिडकीपुढं वाकतो, 'साहेब' म्हणायच्या आधी घसा साफ करतो. फौजेत पंधरा वर्षं काढून मीही तसाच वाकतो. आमची सुभेदारीण वाकायची नाही. एका बांधावरनं दुसऱ्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी, त्या आवाजात ती कोल्हापूरच्या सैनिक कचेरीत बोलायची. "अवं पावणं, आमचं काम कुठवर आलंय?" आतल्या टेबलावरची टाइप करणारी बोटं थांबायची. साहेबांच्या दाराचा पडदा हलायचा. मागची रांग कुरकुरली तर ती वळून सांगायची, "थांबा की वाईच. मी काय तुमच्या वाटणीचं मागतोय व्हय?"

सुभेदारीण म्हणजे माझी बायको. मी सुभेदार कधीच नव्हतो, नाईक म्हणून सुटलो. दोन फिती, बस्स. पण मुरगूडच्या बाजारात ती मिरचीचा भाव असा दरडावून करायची की एका मिरचीवाल्यानंच तिला हे नाव ठेवलं आणि गावानं उचललं. "तुमास्नी फौजेनं दिलं न्हाई, मला बाजारानं दिलं," असं ती मला हसून ऐकवायची. मला राग यायचा. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. घर इतकं गप्प झालंय की भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिणं हे काही माझं काम नाही. पण म्हातारी भांडखोर होती, असं गावात जे ते सांगतंय. ती कशासाठी भांडत होती हे कुणी सांगत नाही. म्हणून बसलोय.

एकाहत्तरच्या लढाईत माझ्या डाव्या मांडीत तोफेच्या गोळ्याचा तुकडा घुसला. लढाईत जखमी झालेल्या जवानाला एक पदक देतात, ते मला मिळालं. पण दवाखान्यातनं मला परस्पर दुसऱ्या पलटणीत पाठवलेलं, आणि पदक मागनं आलं. एका साहेबानं हातावर ठेवलं, मी सलाम ठोकला, झालं. जुन्या पलटणीला वाटलं नोंद नव्या पलटणीनं केली असेल, नवीला वाटलं जुनीनं केली असेल. केली कुणीच नाही. फौजेतनं सुटताना एक डिस्चार्ज बुक देतात, माणसाची सगळी नोकरी त्यात लिहिलेली असते. त्यात माझं पदकच नाही. मी ते कधी बघितलंही नाही. तुकडा माझ्या मांडीत होता, थंडी पडली की ठणकत होता. कागदाला सांगून मला काय मिळणार होतं?

मग एका पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत पदकवाल्या माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. सुभेदारणीनं माझ्या सदऱ्यावर पदक स्वतः लावलं, आणि मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. माईकवाला हातातली यादी बघत माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "काका, यादीत तुमच्या नावापुढं पदक न्हाई. कचेरीतनंच यादी आलीय. जरा मागं बसता काय?" मी उठलो. लंगडत मागं निघालो तेवढ्यात कुणीतरी बोललं, "जुन्या बाजारात मिळत्यात की असली!" चारजण फिदीफिदी हसले.

ती बायकांत बसली होती. उठली आणि मांडवाच्या मधोमध आली. "कोण बोललं त्यो हुबा ऱ्हा," म्हणाली. कोण उभा राहणार? माईकसुद्धा गप्प झाला. मग तिनं माझा दंड धरला आणि सगळ्यांदेखत मला घरी आणलं. घरी आल्यावर म्हणाली, "मला चोराची बायको म्हणून मरायचं न्हाई."

"चोर कोण म्हणलं?"

"मग काय म्हणली ती माणसं?"

त्या दिवसापासनं तिच्या जिवाला एकच लागलं. डिस्चार्ज बुकात पदक चढलं पाहिजे.

म्हशीची धार काढायची, डेअरीला दूध घालायचं आणि सकाळची एस्टी धरून कोल्हापूर गाठायचं, असा आमचा नेम झाला. मी कुरकुरत मागं, ती पिशवी घेऊन पुढं. कचेरीत काय व्हायचं ते सांगायला नको. आज साहेब मीटिंगला. आज कॉम्प्युटर बंद. आज तुमचा अर्ज वर गेलाय. आज वरनं खाली आलाय, पण त्यावर शिक्का गोल पाहिजे होता आणि तुमचा लांबडा आहे. मी परत येताना शिव्या घालायचो. साहेबाला, शिक्क्याला, सरकारला. ती खिडकीला डोकं टेकवून म्हणायची, "नांगरट म्हणली की ढेकळं निघणारच. ढेकळाला शिव्या घालून वावर तयार हुतंय काय?" मला तिचं हे बोलणं तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आपण जखम सोसायची, आणि ती खरी आहे हेही आपणच पटवायचं, ही कुठली रीत?

तिची आणखी एक सवय सांगायला पाहिजे, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. खंडेनवमीला आमच्याकडं घरातली हत्यारं पुजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड. लग्न होऊन आली त्या वर्षापासनं ती मधोमध माझं पदक ठेवायची. आदल्या दिवशी चुलीची राख आणि लिंबू घेऊन बसायची आणि अशी घासायची की पदकात तोंड दिसावं. "देवाफुडं काळं पदक ठिवायचं व्हय?" म्हणायची. हळदीकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. मी कधी त्या पदकाला हात लावला नाही. त्याची सगळी निगराणी तिच्याकडं.

एकदा खिडकीतल्या कारकुनानं स्वतःहून वाट दाखवली. माणूस वाईट नव्हता तो, कामाखाली दबलेला होता. म्हणाला, "काकू, पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. तेवढा फोटो काढून वर पाठवतो. मग कुणाची नाही म्हणायची टाप नाही."

सुभेदारणीचं तोंड असं फुललं! "बघा, म्हणत न्हवतो मी? द्येव हाय!" म्हणत तिनं रुमालाची गाठ सोडली आणि पदक खिडकीतनं आत सरकवलं. कारकुनानं चष्मा लावला. पदक उजेडाला धरलं, फिरवलं, भिंग घेतलं, परत फिरवलं. कड वरवंट्यासारखी गुळगुळीत.

"काकू, हे घासलंय कुणी?"

"मीच की. दर खंडेनवमीला," ती ताठ मानेनं म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. मग त्या कचेरीत पहिल्यांदा मला तिचा बारीक आवाज ऐकू आला. "मग आता वो?"

आम्ही बाहेर येऊन झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो. ती पदकाच्या कडेवरनं बोट फिरवत होती. "माझ्याच हातानं पुसलं बघा तुमचं नाव," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. तिचं रडणं मला कधी बघवलं नाही. मी खेकसलो, "तू घासलंस म्हणून मांडीतला तुकडा इरघळला न्हाई. गप की आता."

तिनं पदर खाली घेतला. "तुकडा? त्यो अजून हाय आत?"

"कुठं जाणार त्यो?"

"मग उठा की! हितं काय बसलाय?"

फौजेतल्या डॉक्टरांनी तेव्हाच म्हटलं होतं, तुकडा शिरेजवळ आहे, काढण्यापेक्षा राहू दे. इतकी वर्षं संसार केला, पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तीही कधी विचारायला गेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिनं मला दवाखान्यात उभा करून मांडीचा एक्सरे काढला. परत येताना एस्टीत ती खिडकीशी बसली आणि तो काळा कागद तिनं उन्हाला धरला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाचा वो?"

"आमच्या मालकांची मांडी हाय. ह्ये पांढरं दिसतंय न्हवं, त्यो तोफगोळ्याचा तुकडा."

मग ती मांडी सगळ्या गाडीत फिरली. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा बघून म्हणाला, "हाड झकास हाय पावण्याचं." कंडक्टरनं तिकिटं थांबवून बघितली. मी टोपी डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घेतलं.

कचेरीत कारकून म्हणाला, "तुकडा आहे खरा. पण लढाईतलाच कशावरनं?"

"मग उसाच्या फडात तोफा उडवत्यात व्हय?" सगळी रांग हसली. तेवढ्यावर ती थांबेल तर ना. माझ्याकडं वळली. "अवं, पॅन्ट वर घ्या. दाखवा साहेबास्नी." पन्नास माणसांत मी पॅन्ट मांडीपर्यंत गुंडाळली. लढाईत मला तेवढी भीती वाटली नव्हती.

कारकुनानं मान खाली घातली आणि म्हणाला, "काका, झाका. तुमच्याबरोबरचा कुणी हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणा. एक्सरे आणि ते, दोन्ही जोडून पाठवतो."

हयात होता. पेठ वडगावचा तुका. त्यानंच मला पाठीवर टाकून मागं आणलेलं. गेलो तर म्हातारा ओसरीवर बसलेला, ठार बहिरा. त्याची सून म्हणाली, "मामांना कानाचं यंत्र लावल्याबिगर काय ऐकू येत न्हाई, आणि यंत्र दुरुस्तीला टाकलंय." सुभेदारणीनं पदर खोचला आणि अंगणातनंच आवाज दिला, "तुकाभावजी! आमच्या मालकास्नी तुमीच पाठीवर घेतलेलं न्हवं?" तुका खडबडून उठला. मला बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. "व्हय की वैनी! लय जड हुतं ह्ये बेणं!" म्हणाला. त्याच दिवशी तो आमच्याबरोबर वकिलाकडं आला, सगळं सांगितलं आणि सही केली. जाताना सुनेला म्हणाला, "यंत्राचं राहू दे. ह्या वैनीलाच ठिवून घे."

डिस्चार्ज बुकासकट कागद वर गेले. मग दोन पावसाळे काही नाही. आम्ही जात राहिलो. "वरनं उत्तर नाही," एवढंच ऐकायचं आणि परतीची गाडी धरायची. वर म्हणजे कुठं, ते मला अजून कळलेलं नाही. तिथं बसलेल्या माणसाला मांडी असते का?

गेल्या थंडीत ती आजारी पडली. पोटात पाणी झालं. कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवली. लेक उशाशी, मी पायाशी. शुद्धीवर आली की एकच विचारायची, "आलं काय?" मी "न्हाई" म्हणायचो. लेक मला खुणावायची, आलं म्हणा, तिला बरं वाटेल. पण तिला खोटं लगेच कळायचं, आणि त्या वेळी तर मला तिच्याशी खोटं बोलायचंच नव्हतं. एका सकाळी तिनं परत विचारलं. मी म्हटलं, "न्हाई आलं." ती डोळे वटारून म्हणाली, "मग जावा की कचेरीत! हितं बसून काय माझं पाय मोजताय?"

मी गेलो. तिनं पाठवलं म्हणून गेलो. "साहेब जेवायला गेलेत, बसा," म्हणाले. मी बाकड्यावर बसलो असताना लेकीचा फोन आला. एवढंच. यापुढचं मला लिहिता येत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी कचेरीतनं निरोप आला. गेलो. कारकुनानं उभं राहून माझं डिस्चार्ज बुक हातात दिलं. तांबड्या शाईत एक ओळ, खाली सही, गोल शिक्का. पदक चढलं होतं. "अभिनंदन, काका," तो म्हणाला. माझ्या मागं पाहिलं. "काकू नाही आल्या?"

मी सांगितलं. तो खाली बसला. बराच वेळ टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "काका, माफ करा, पण सांगावं लागतं. ह्याच बुकात पत्नी म्हणून काकूंचं नाव आहे. ते आता कमी करायला लागणार. मृत्यूचा दाखला तेवढा द्या, लगेच करून टाकतो."

लगेच! एक ओळ चढवायला त्यांना तिचा जन्म पुरला नाही, आणि एक ओळ उतरवायला 'लगेच'. दाखला माझ्या पिशवीत होता. लेकीनं सगळ्या कामांना लागतो म्हणून घालून दिला होता. मी बुक उघडलं. तांबडी ओळ बघितली, पान उलटलं, तिचं नाव बघितलं. बुक पिशवीत घातलं.

"दाखला न्हाई देणार," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण आतली बोटं थांबली.

"काका, नियम आहे."

"असंल की."

त्यांचे दोन फोन येऊन गेले, आता पत्र आलंय. लेक म्हणते, "आबा, देऊन टाका, किती दिवस अडवणार?" ठाऊक नाही. कधीतरी द्यावा लागेल, हे मलाही कळतं. पण सध्या त्या बुकात माझं पदक आहे आणि तिचं नावही आहे. अशी दोन्ही मिळून तिच्या डोळ्यांना दिसायला पाहिजे होती. ती नाही, तर मी बघतो. रोज सकाळी धार काढून झाली की बुक उघडतो, आणि मग म्हशीला वैरण टाकायला जातो.