एका झेलाची दोन कात्रणं

आयर्लंडला जायचं ठरलं ते लेकीमुळे, पण डब्लिनपासून अडीच तासांवरच्या त्या आडगावी गेले ती काकांमुळे. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठ्याऐंशी, निवृत्त डॉक्टर, मुक्काम कसबा पेठ. साठच्या दशकात ते त्या गावच्या हॉस्पिटलात नोकरीला होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तिथल्या वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. क्रिकेटच्या मैदानावर एक उंच गोरा माणूस आडवा पडून झेल घेतोय. तो पॅट, काकांचा जिवलग मित्र. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, काका ते दाखवतात आणि म्हणतात, "असा झेल सोडायचा नसतो."

पण काका कायमचे परत निघाले तेव्हा हाच पॅट स्टेशनवर आला नाही. नंतर एकाही पत्राला उत्तर नाही. मी निघताना काका म्हणाले, "एवढं विचारून ये. माझं काय चुकलं? तो नसेल तर घरच्यांना विचार. मला आता फार वेळ नाही."

आधी कामाचं सांगते. आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, युरोपातल्या बाकी देशांचा शेंगेन व्हिसा चालत नाही. डब्लिनहून बसचे जाऊन-येऊन तीसेक युरो पडतात. त्याचे रुपये करत बसू नका. जूनमध्ये गेलात तरी स्वेटर न्या. शाकाहारी असाल तर बटाट्याचं सूप, सोडा ब्रेड आणि परत बटाटा.

गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, चार पब आणि टोकाला हर्लिंग क्लबचं मैदान. हर्लिंग म्हणजे लाकडी काठीने चेंडू हवेतल्या हवेत टोलवायचा खेळ. बघतानाच आपण डोकं वाचवतो. कुणाला एक पैसा मिळत नाही. ज्या गावात जन्मलात त्याच गावच्या क्लबकडून गुडघे जाईपर्यंत खेळायचं.

पॅट तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी नोरा, माझ्याच वयाची, क्लबची चिटणीस आहे. तिने क्लबची खोली उघडली. भिंतभर जुन्या संघांचे फोटो, चषक, तुटक्या काठ्या. आणि एका काचेच्या कपाटात आमचं कात्रण. तेच.

मी आनंदाने म्हटलं, "अहो, हे आमच्या घरी आहे."

नोराने विचारलं, "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मग तिने सगळं सांगितलं. त्या काळी हर्लिंग खेळणाऱ्याने इंग्रजांचे खेळ खेळायचे तर नाहीतच, पण बघायचेही नाहीत असा नियम होता. क्रिकेट त्यातच. पकडलं की निलंबन. क्रिकेट हा गुन्हा! नारायण पेठेत वाढलेल्या बाईने हे कसं पचवायचं? पॅट क्लबचा गोलरक्षक. हॉस्पिटलच्या क्रिकेट संघात एक गडी कमी पडला म्हणून काकांनी त्याला गळ घातली. सामना परगावी होता, तिथे कोण ओळखणार म्हणून तो गेला. आणि झेलाचा फोटो, पॅटच्या नावासकट, कौतुकाने वर्तमानपत्राला नेऊन दिला तो आमच्या काकांनी.

आठवड्यात पॅट निलंबित, आणि त्याच आठवड्यात काका परत निघाले. क्लब पहिल्यांदाच अंतिम सामन्याला पोहोचला होता. त्याच्याशिवाय खेळला आणि एका गुणाने हरला. गाव कित्येक वर्षं त्याच्याशी धड बोललं नाही.

"मग त्यांनी काकांना का नाही सांगितलं?"

"बाबा म्हणायचे, अख्ख्या गावात एकट्या डॉक्टरलाच माहीत नाही की त्याने काय केलं. निरोपाला गेलो असतो तर तोंडातून निघालं असतं."

"आणि हे कात्रण इथे कशाला?"

"पुढे नियम गेला, मग बाबांनीच लावायला लावलं. झेल चांगला होता ना," नोरा म्हणाली.

परतीच्या प्रवासातल्या हिरव्या टेकड्यांचं वर्णन इथे यायला हवं. खरं सांगते, मला काही दिसलं नाही. लेक म्हणाली, काकांना सांगू नकोस, या वयात कशाला. विमानात मी तीन वेगवेगळ्या थापा जुळवल्या. पण काकांसमोर बसले आणि एकही तोंडातून निघेना. सगळं सांगितलं.

काकांनी विचारलं, "किती गुणांनी हरले?"

"एका."

"आणि गोलरक्षक तो."

"हो."

त्यांनी पंच्याने टेबलाची काच पुसली. ती स्वच्छच होती. मग वाकून, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे ते कात्रण बघत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"सोडायला हवा होता रे गाढवा," ते म्हणाले.