डोमा टीव्हीवर बोलला ती संध्याकाळ

भामरागडच्या पुढे, नदीकाठच्या एका लहान गावात गिरजा राहते. तिचा नवरा डोमा जन्मभर नदीत मासे धरत आला. माणूस अबोल. घरात दोन शब्द बोलला की त्याचा दिवस भागायचा. म्हणून हिवाळ्यात नागपूरची टीव्हीवाली माणसं आली आणि डोंग्यात बसून डोमा त्यांच्याशी बोलायला लागला, तेव्हा काठावर उभ्या गिरजाला नवलच वाटलं. तो हात हलवून बोलत होता, मध्येच हसतही होता. वाऱ्यामुळे तिला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"येवढं का सांगून राह्यले होते त्याईले?" जेवताना तिने विचारलं.

"टीवीवर आयकजो," तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

उन्हाळ्यात डोमाला ताप भरला. त्याला दवाखान्यात नेलं, पण तिथून तो परत आला नाही.

ऑगस्टात मुलाचा फोन आला. हेमराज माजरीला कोळसा खाणीत ठेकेदाराच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. "माय, उद्या संध्याकाळी बाबाले टीवीवर दाखवणार आहेत."

गावात चालू टीव्ही एकच, शेजारच्या कोलूचा. पूर्वी दूरच्या टॉवरवरून मराठी कार्यक्रम यायचे. पडद्यावर मुंग्या दिसायच्या, पण बोली आपली असायची. तो टॉवर बंद झाला. कोलूने मग सिरोंचाकडून डिशची छत्री आणून घरावर लावली. तिच्यावर तेलुगू येतं, हिंदी येतं. नागपूरचं ते चॅनल येत नाही.

"भामरागडले हॉटेलात केबल आहे, बाई. तिथी दिसल," कोलू म्हणाला.

गिरजा सकाळीच निघाली. वाटेतल्या नाल्यावर रस्ताच नव्हता, लाल पाणी धावत होतं. अल्याडपल्याड माणसं उभी होती. तिने लुगडं खोचून पाय टाकला, तशी दोघा बायांनी तिला मागे ओढलं. दुपारपर्यंत ती तिथेच थांबली. पाणी चढतच गेलं. ती घरी आली.

संध्याकाळी कोलू छपरावर चढला. तो छत्री फिरवायचा आणि वरून विचारायचा, "आता?"

"नाई," खालून गिरजा सांगायची.

पडद्यावर एक तेलुगू बाई सासूपुढे रडत होती. आणखी जरा फिरवल्यावर तीही गेली, पडदा निळा झाला. कोलू ओला होऊन खाली उतरला. "माझ्या हातात नाई बाई."

"राहू दे भाऊ," गिरजा म्हणाली, पण उठली नाही. आत्ता ब्रह्मपुरीत तिच्या बहिणीच्या, रुखमाच्या घरी डोमा बोलत असेल. माजरीच्या चहाटपरीवर अनोळखी लोक त्याला ऐकत असतील. ती निळ्या पडद्याकडे बघत बसली.

पोळ्याला रस्ता उघडला. हेमराज रुखमाला घेऊन घरी आला. पाण्याचा तांब्या देण्याआधीच गिरजाने विचारलं, "का म्हणत होते ते?"

रुखमाने मान खाली घातली. "त्याईचं तोंड दिसलं न मले रडूच फुटलं. काईच आयकू नाई आलं."

"तू?" गिरजाने हेमराजकडे पाहिलं.

"मी ड्युटीवर होतो, माय. दोस्त म्हणे, बाप मस्त बोलला."

"का बोलला?"

"मच्छीचं काई तरी." मग तो हळूच म्हणाला, "चॅनलवाल्याईले फोन केला मी. जुना कार्यक्रम ठेवत नाई म्हणे."

रुखमाच्या जावयाने टीव्हीसमोर मोबाइल धरून थोडंसं उतरवून घेतलं होतं. हेमराजने ते आपल्या मोबाइलवर घेतलं होतं, ते लावलं. डोमा डोंग्यात बसलेला. जाळं मांडीवर, ओठ हलताहेत, हसतोय. पण मोबाइल रुखमाच्या शेजारी धरलेला. ऐकू येत होतं ते तिचं हुंदके देऊन रडणं.

"आवाज वाढव," गिरजा म्हणाली. हेमराजने वाढवला. रडणं मोठं झालं.

"मले का माहीत होतं बाई," रुखमा कशीबशी म्हणाली. गिरजाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा लावायला सांगितलं. डोमाच्या ओठांवरून एखादा शब्द ओळखता येतो का, ते ती पाहत होती. एकदा तिला वाटलं, तो 'नदी' म्हणाला. पुढच्या खेपेला तसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी हेमराज माजरीला परत गेला. मोबाइल त्याच्यासोबत गेला. गिरजाच्या बटनाच्या फोनवर ते उतरवलेलं चालत नव्हतं.