शेवटच्या ओव्हरचा कुंडलिक

एका ओव्हरमध्ये सहा चेंडू असतात, हे मला चौथीपासून ठाऊक आहे. तरीही सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, आमच्या पिंपळवंडीच्या यात्रेतल्या टेनिस-बॉल स्पर्धेच्या फायनलला, मी कुंडलिककडून सात टाकून घेतले. स्कोअर लिहिणारा मीच आणि माईकवर बोलणाराही मीच. एका माणसाला दोन कामं दिली की त्यातलं एक तो मन लावून करतो. मी बोलण्याचं करत होतो.

त्या सातव्या चेंडूचं काय झालं ते सांगतोच, पण आधी कुंडलिक कोण ते सांगायला हवं. कारण त्याला बघायला तुम्ही मैदानावर आला असतात, तर तो तुम्हाला दिसलाच नसता.

तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. घरी दीड एकर रान, आणि सकाळी नारायणगावच्या बाजारात भाजीचे क्रेट गाडीवर चढवायचं काम. बॅटिंगला अकरावा. फील्डिंगला पार बांधाच्या कडेला. मॅच आठ ओव्हरची, आणि सातवी संपेपर्यंत त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नसे. तो आपला तिकडे एकटाच ढेकळं उचलून बाभळीच्या खोडावर मारत राही. नवख्याला वाटे, हा बाभळीवर कशाचा राग काढतोय? पण तो खांदा गरम करत असे. मग आठव्या ओव्हरला आमचा कॅप्टन गेनभाऊ दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारी आणि ओरडे, "कुंडल्या, ये रं!"

कुंडलिक धावत येई. हातात पडे तो टकला झालेला चेंडू. सात ओव्हर मार खाऊन त्याच्या अंगावर केस म्हणून उरलेला नसे. तो चेंडू कुंडलिक असा काही पायाच्या अंगठ्याच्या नखावर नेऊन टाकी, की बॅट्समन खाली वाकून बघत राही, जणू खिशातला रुपया पडलाय. सहा चेंडू संपत, आम्ही जिंकत, हलगी वाजे. मग सिक्सर मारणाऱ्याला मॅन ऑफ द मॅचचा स्टीलचा डबा मिळे. असे डबे गेनभाऊच्या घरी इतके झाले होते की त्याच्या बायकोनं डाळी तर सोडाच, बांगड्यासुद्धा डब्यात ठेवायला घेतल्या. कुंडलिकच्या घरी एकही नव्हता.

एकदाच त्यानं तोंड उघडलं होतं. "गेनभाऊ, एक डाव पहिली ओव्हर देऊन बघ की राव. नवा बॉल हाताला कसा लागतो, ते तरी कळू दे."

"लेका, विडा कुणी जेवणाआधी वाढतं का?" गेनभाऊ म्हणाला. सगळे हसले, कुंडलिकही हसला. त्यानंतर त्यानं कधी मागितलं नाही.

मला वाटतं, त्याचं त्यात भागत होतं. भावकी त्याला बांधावर विचारत नव्हती, बाजारात त्याला 'ए, हमाल' म्हणत. पण यात्रेत आठवी ओव्हर आली की सगळं गाव बिड्या विझवून त्याच्या उजव्या हाताकडे बघे. वर्षातली ती पाच-सात मिनिटं त्याची स्वतःची होती. बाकी त्याच्याकडे होतंच काय?

तर त्या फायनलला समोर निमगाव सावा. कुंडलिकची सासुरवाडी. त्याचे दोन मेहुणे पलीकडच्या संघात, आणि बायको सोनीबाई आमच्या बायकांच्या घोळक्यात पदर दातात धरून बसलेली. शेवटच्या ओव्हरला निमगावला आठ हव्या होत्या. शिट्टी झाली. कुंडलिक आला. पहिल्या चेंडूवर एक, दुसऱ्यावर दोन.

आणि तेवढ्यात धुरळा उडवत प्रमुख पाहुण्यांची जीप आली. साडेतीनची वेळ दिलेले पाहुणे पाच वाजता आले होते, म्हणजे आमच्या मानानं लवकरच. आमच्याकडची रीत अशी, की पाहुणे आले की मॅच कुठेही असो, माईकनं आधी त्यांच्याकडे वळायचं. मी पेनाला टोपण लावलं, खिशातली चिठ्ठी काढली आणि सुरू झालो, "गोरगरिबांचे कैवारी, तरुणांचे आशास्थान, सहकारातील..." अशी अकरा बिरुदं होती. तिसऱ्या बिरुदाच्या सुमारास कुंडलिकनं तिसरा चेंडू टाकला. तो निर्धाव गेला, आणि माझ्या वहीत उतरलाच नाही.

मग खेळ थांबला. पाहुणे मैदानात शिरून एकेका खेळाडूचा हात हातात घेऊ लागले, पुढे व्हिडिओवाला. आमचे अंपायर म्हणजे शाळेतले गुरुजी. ते सहा खडे घेऊन उभे राहत आणि प्रत्येक चेंडूला एक खडा उजव्या हातातून डाव्यात घेत. पाहुणे समोर आल्यावर नमस्कार करायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून गुरुजींनी खडे टाकून दिले. पाहुणे गेले तेव्हा खाली रानभर खडेच होते. त्यातले आपले कुठले?

गुरुजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "किती झाले?"

मी वही पाहिली. माईकवर खणखणीत आवाजात म्हणालो, "दोन चेंडू टाकून झालेत! चार बाकी!"

कुंडलिकनं तीन बोटं वर केली. "गुरुजी, तीन झालं की."

"माईकवर सांगितलंय ना?" गुरुजी म्हणाले.

"माईकवर सांगू दे. टाकतोय कोण? मीच ना?"

गेनभाऊ धावत आला. पाहुणे शामियान्यात बसत होते, त्यांच्याकडे बघून हसत, ओठ न हलवता तो म्हणाला, "कुंडल्या, पावण्यांम्होरं वाद नको. येक बॉल जादा टाकलास तर काय झिजतोस?"

कुंडलिकनं बोटं खाली घेतली. पुढच्यावर एक धाव, मग निर्धाव, मग पुन्हा निर्धाव. सहा झाले. आठापैकी चारच धावा झाल्या होत्या. खऱ्या हिशेबानं आम्ही तिथं जिंकलो होतो. पण माझ्या वहीत अजून एक शिल्लक होता. कुंडलिक चेंडू हातात घेऊन क्षणभर उभा राहिला. मग धावत आला आणि टाकला. चेंडू नखावर न पडता वीतभर अलीकडे पडला. त्याच्या धाकट्या मेहुण्यानं तो असा उचलला की बांध, बाभळ आणि पलीकडचा गोठा ओलांडून गेला.

 आमच्याच बाजूचं कुणीतरी म्हणालं, "जावयानं सासुरवाडीला आहेर केला."

हसू फुटलं, आणि ते थांबलंच नाही. तीन बोटं कुणालाच आठवेनात. गेनभाऊ तर पारावर बसून शपथेवर सांगू लागला, "म्या डोळ्यांनी पायलं, मुद्दाम आखूड टाकला." बाजारात क्रेट देता-घेता लोक विचारत, "कुंडलिकराव, आवंदा काय आहेर?" त्याच उन्हाळ्यात थोरल्या मेहुण्याचं लग्न होतं. कुंडलिक गेला नाही. सोनीबाई एकटी गेली, आणि तिला तिथं वेगळं ऐकावं लागलं: "दाजी हरलं म्हणून तोंड फुगवून बसलं व्हय?"

फायनलनंतरचे आठ दिवस मी मात्र निर्धास्त होतो. मग एका संध्याकाळी गेनभाऊच्या घरी पाहुण्यांच्या स्वागताची कॅसेट लावली. आम्ही वीस-पंचवीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. पडद्यावर पाहुणे जीपमधून उतरत होते, माझा आवाज घुमत होता. जो तो आपलं तोंड दिसतं का ते बघत होता. मी मात्र पाहुण्यांच्या फेट्याच्या मागे बघितलं. तिथं, पार लांब, बारकासा कुंडलिक धावत आला, त्यानं हात फिरवला आणि बॅट्समननं चेंडू दाबून थांबवला. मी सहकार म्हणत होतो तेवढ्यात.

"मागं घे रं, माझा हार घालतानाचा भाग दाव!" गेनभाऊ ओरडला. कॅसेट जरा जास्तच मागे गेली. तो चेंडू पुन्हा टाकला गेला. पुन्हा कुणी पाहिला नाही.

मी बोललो नाही. मला तेव्हा आणखी तीन गावांच्या स्पर्धांचं बोलावणं आलं होतं. वारूळवाडीला तर माझ्या नावाचं पत्रक छापलं होतं. स्कोअर चुकवणाऱ्याला माईक कोण देणार? मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी कुंडलिक एखादी मॅच काढून देईल, लोक विसरतील. विनोदी बोलणाऱ्या माणसाला सगळ्याच गोष्टी आपोआप निवळतील असं वाटत असतं.

पुढच्या वर्षी कुंडलिक आला. बांधाकडेला उभा राहिला, ढेकळं मारून खांदा गरम केला. आठव्या ओव्हरला शिट्टी झाली, पण ती दुसऱ्यासाठी. त्या दुसऱ्यानं सतरा धावा दिल्या, आम्ही हरलो. "व्हतं असं कधीमधी," गेनभाऊनं त्याच्या पाठीवर हात टाकून म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षीही कुंडलिकनं खांदा गरम केला. तेव्हा तो संघात नव्हताच, नुसता बघायला आला होता. मी माईकजवळून त्याला बघत होतो, आणि पाहुण्यांची नावं वाचत होतो. त्यानंतर तो यात्रेत दिसला नाही.

शेवटी दोन हजार सहाच्या मार्चमध्ये मी त्याच्या रानात गेलो. सुतळीनं टोमॅटोची झाडं तारेला बांधायचं काम चाललं होतं. खालची तार कुंडलिक बांधत होता, वरची सोनीबाई. क्रेट चढवून चढवून त्याचा उजवा हात छातीच्या वर जाईनासा झाला होता.

"माईकवालं भावजी वाट चुकलं जणू," सोनीबाई म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टोपण लावलेलं पेन, चिठ्ठी, कॅसेट. मध्ये एकही विनोद केला नाही. मला ते इतकं जड कधीच गेलं नव्हतं. सोनीबाईच्या हातातली सुतळी थांबली. "नऊ वरसं," ती म्हणाली, "नऊ वरसं मी माहेरला मान खाली घालून जाती, भावजी. आन् तुमी कॅसेट बघितली व्हती."

कुंडलिक बांधतच राहिला. एक झाड झालं, दुसरं झालं. मला ते सहन होईना. "कुंडलिक, उद्या फायनल आहे," मी म्हणालो. "मी माईकवर सगळ्या गावाला सांगतो, चूक माझी होती. गेनभाऊला सांगून उद्याची शेवटची ओव्हर तुलाच द्यायला लावतो."

त्यानं दातानं सुतळी तोडली.

"तवा सांगायचं व्हतंस, तवा खांदा व्हता."